मॅथ्यू इफेक्ट आणि माटिल्डा इफेक्ट: श्रेय नेमकं कशामुळे हुकलं?

विज्ञानात एखाद्या बाईचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालं, की कुणी त्याला मॅथ्यू इफेक्ट म्हणतं, कुणी माटिल्डा इफेक्ट. नावं जुळ्या भावंडांसारखी आणि प्रश्नही एकच: राबलं कोण आणि नाव कुणाचं झालं. त्यामुळे माटिल्डा म्हणजे मॅथ्यूचीच बायकांसाठीची आवृत्ती, असा सर्रास समज होतो. तो चुकीचा आहे.

मॅथ्यू म्हणजे मराठी बायबलातला मत्तय. ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळेल, नाही त्याचं असलेलंही जाईल, अशा अर्थाचं वचन त्याच्या शुभवर्तमानात आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये ते विज्ञानाला लावलं. शोधनिबंधावर एक नामवंत आणि एक नवखा अशी दोन नावं असली, तर वाचणाऱ्याच्या लक्षात नामवंतच राहतो. मात्र इथे पारडं फिरू शकतं. आजचा नवखा उद्या नामवंत झाला, की त्याच सवयीचा फायदा त्याला मिळू लागतो.

माटिल्डा ही खरीखुरी बाई होती. माटिल्डा जॉस्लिन गेज या अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकार चळवळीतल्या कार्यकर्तीनं १८७० मध्ये शोध लावणाऱ्या स्त्रियांवर पुस्तिका लिहिली होती. इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ मध्ये तिचं नाव दुसऱ्या प्रकाराला दिलं: काम बाईचं आहे म्हणूनच ते नजरेआड होतं किंवा पुरुषाच्या नावावर चढतं. इथे नामवंत होऊनही सुटका होईलच असं नाही.

फरक बघायचा तर १९४४चं रसायनशास्त्राचं नोबेल घ्या. अणुविखंडनाच्या, म्हणजे अणूचं केंद्रक फुटतं या शोधासाठी ते एकट्या ओटो हान यांना मिळालं. डिसेंबर १९३८ मधल्या बर्लिनच्या प्रयोगांत त्यांच्यासोबत फ्रिट्झ स्ट्रासमान होते. निकालाचा भौतिक अर्थ लावला लिझे माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी. ज्यू कुळातल्या माइटनर त्याआधी काही महिने जर्मनीतून निसटून स्वीडनला पोचल्या होत्या. स्ट्रासमान पुरुषच, पण कनिष्ठ. त्यांचं वगळलं जाणं मला सरळ मॅथ्यूच्या खात्यातलं वाटतं. माइटनर मात्र नवख्या नव्हत्या. १९२६ मध्येच त्या बर्लिनमध्ये प्राध्यापक झाल्या होत्या, हानसोबत त्यांनी तीसेक वर्षं काम केलं होतं. नावाजलेल्यालाच मिळतं, एवढा एकच नियम असता तर त्या बाहेर राहायला नको होत्या. अर्थात बाई असणं हे एकमेव कारण नव्हतं. निर्वासित असणं आणि रसायनशास्त्राच्या समितीला भौतिकशास्त्रातल्या वाट्याचं मोल न कळणं, हेही होतं. तरी एकाच पारितोषिकात दोन माणसं दोन वेगळ्या दारांनी बाहेर गेली, असं मी म्हणेन.

जोसेलिन बेल बर्नेल यांचं उदाहरण सगळ्यात जास्त दिलं जातं आणि तेच सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडी करताना त्यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर एक विचित्र खूण दिसली. तो पल्सार, म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा निघाला. १९७४चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना मिळालं, मार्टिन राइल यांच्यासोबत. बेल तेव्हा बाई होत्या आणि विद्यार्थिनीही, मग दोष यातल्या कोणत्या गोष्टीला द्यायचा? त्यांनी स्वतः पुढे म्हटलं, की अगदी अपवाद सोडता विद्यार्थ्यांना नोबेल देणं योग्य नाही. म्हणजे त्यांनी वाद ज्येष्ठ-कनिष्ठतेच्या बाजूला, मॅथ्यूकडे नेला. पण २०१८ मध्ये ब्रेकथ्रू पारितोषिकाचे ३० लाख डॉलर मिळाले, तेव्हा ते त्यांनी भौतिकशास्त्रात कमी दिसणाऱ्या गटांतल्या पीएचडी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दिले. त्यात स्त्रिया आल्या, अल्पसंख्य वंशांचे आणि निर्वासितही आले.

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण मर्टन यांच्या निबंधातच दडलेलं आहे. त्याचा मोठा आधार समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी नोबेलविजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती हा होता. निबंधावर मात्र एकट्या मर्टन यांचं नाव छापलं गेलं. तो दोघांच्या नावानं यायला हवा होता, हे मर्टन यांनी नंतर स्वतःच लिहिलं. मर्टन तेव्हा प्रख्यात होते आणि झुकरमन त्यांच्या मानानं नवख्या. शिवाय ते पुरुष, त्या स्त्री.