महाराष्ट्राचे पुराभिलेख खाते : विस्तार आणि वजन

राज्य शासनाची जुनी कागदपत्रे जतन करून अभ्यासकांना पाहू देणारी यंत्रणा. तिचे मूळ 1821 साली मुंबईत सुरू झालेल्या रेकॉर्ड ऑफिसात आहे.

संग्रह फुगला तो मुख्यतः राज्ये बुडाल्याने आणि सीमा हलल्याने. पेशवाई गेली आणि तिचे हिशेब इंग्रजांच्या हाती पडले. इनामांची छाननी करताना ते लागत म्हणून टिकले. तेच पुण्याचे पेशवे दप्तर. पुढे 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले, 1956 मध्ये विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडले गेले. कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शाखांमागे हा इतिहास आहे.

रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) वाढले म्हणून खात्याचे वजन वाढले, असे मात्र नाही. पेशवे दप्तर संशोधकांना दीर्घकाळ जवळजवळ बंदच होते. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 पासून निवडक कागदांचे 45 खंड काढले, तेव्हा कुठे त्याचा बोलबाला झाला.

दुसरे बळ कायद्याचे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार शासकीय अभिलेख परस्पर नष्ट केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद, 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खरी मेख कार्यालयातच असते. कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावायच्या सहा गठ्ठा पद्धतीत पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षाकडे जातो, सहावा नाशाकडे. कागद किती काळ ठेवायचा त्यावरून त्याचा वर्ग ठरतो: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' 30 वर्षे, 'क' 10, 'ड' एक वर्ष. बदलीच्या घाईतला लिपिक वर्गवारी न करता सगळेच 'अ' म्हणून बांधतो आणि कक्ष रद्दीने भरतो. उलट चूक झाली तर मूळ कागदच जातो, आणि तो परत मिळत नाही.

2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचकांना एकदम भाव आला. खाते मोडीचे वर्ग घेते, पण तिथे होते ती अक्षरओळख. जुन्या कारकुनाचे घसटते वळण आणि त्याचे संक्षेप सरावानेच उमगतात. सन तर हमखास फसवतो: इसवी सन काढायला शुहूर सनात (मराठी दप्तरांतला अरबी सन) 599 किंवा 600 मिळवायचे, दक्षिणी फसलीत (महसुली सन) 590 किंवा 591. दोहोंची गल्लत झाली की कागद सुमारे नऊ वर्षांनी सरकतो.