लीग त्यांचीच, सिलेक्शनही त्यांचंच: हॉकीतल्या वशिल्याची पार्श्वभूमी

नाशिकरोडच्या ज्या मुरुमाच्या ग्राउंडवर मी सकाळी पोरांना हॉकी शिकवतो तिथे परवा एका मुलाचे वडील मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, ट्रायलला आत कुणाला भेटावं लागतं का?" पोरगा शेजारीच उभा होता, स्टिकला गुंडाळलेली टेप नखाने उचकटत, सगळं ऐकत. मला राग आला नाही, कारण हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कुठून आला ते मला माहितीये.

१९९८ ला बँकॉकमध्ये आपण ३२ वर्षांनी एशियन गेम्सचं गोल्ड जिंकलं, कॅप्टन आपला खडकीचा धनराज पिल्ले, आणि घरी आल्यावर काय तर धनराजसकट सात जण टीमबाहेर आणि कोच एम. के. कौशिक पण गेले. कारण सांगितलं 'विश्रांती'. पैशांबद्दल तोंड उघडलं म्हणून काढलं, असंच सगळे तेव्हा बोलत होते आणि मलाही तेच पटतं.

मग २००८. मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनकडून ०-२ हरलो आणि १९२८ पासून पहिल्यांदाच ऑलिम्पिक हुकलं. पुढच्याच महिन्यात टीव्हीवर छुप्या कॅमेऱ्याचं फुटेज आलं, तेव्हा देशातली हॉकी चालवणाऱ्या इंडियन हॉकी फेडरेशनचे सेक्रेटरी ज्योतिकुमारन एका खेळाडूला टीममध्ये घेण्यासाठी पैसे घेतायत असं त्यात दाखवलं. त्यांनी राजीनामा दिला, के. पी. एस. गिल १९९४ पासून अध्यक्ष होते, त्यांची फेडरेशनच ऑलिम्पिक असोसिएशनने बाजूला केली आणि २००९ ला तिच्या जागी हॉकी इंडिया ही नवी संघटना आली.

लोक इथेच थांबतात, पण लीगचा खरा गुंता इथून सुरू होतो. २०१२ ला जुन्या फेडरेशनने निंबस कंपनीबरोबर वर्ल्ड सीरिज हॉकी काढली, फायनलला आपली पुणे स्ट्रायकर्स पण होती. हॉकी इंडिया म्हणाली ही लीग मान्य नाही, त्यात खेळलात तर इंडिया टीमचं विसरा. म्हणजे पोराने पोटाकडे बघायचं की इंडियाच्या जर्सीकडे? धनराज आणि इतर काही जण कॉम्पिटिशन कमिशनकडे, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे गेले, २०१३ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही, पण नियम करणं आणि लीगचा धंदा करणं ही दोन कामं वेगळी ठेवा, त्यासाठी आतली व्यवस्था करा, हे कमिशनने हॉकी इंडियाला सांगितलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. त्याच २०१३ मध्ये हॉकी इंडियाची स्वतःची लीग सुरू झाली, आणि टीम निवडणारेही तेच.

२०२२ ला अस्लम शेर खान यांच्या याचिकेवर दिल्ली हायकोर्टाने हॉकी इंडियाचे माजी अध्यक्ष नरिंदर बात्रा यांचं तिथलं आजीवन सदस्यपद बेकायदा ठरवलं, संघटनेचा कारभार तीन जणांच्या समितीकडे दिला, नंतर निवडणूक होऊन दिलीप तिर्की अध्यक्ष झाले. २०१७ नंतर बंद पडलेली हॉकी इंडियाची लीग डिसेंबर २०२४ मध्ये परत सुरू झाली आणि बायकांची लीग तर पहिल्यांदाच झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्या वडिलांना मी सांगितलं, कुणालाही भेटू नका, निवडीचे निकष लेखी मागा, आणि निवड समितीतल्या कुणाच्या क्लबची पोरं त्याच ट्रायलला आहेत का तेही विचारा, मी सोबत येतो. ट्रायल रविवारी सकाळी सातला आहे.