आडवं इंजिन आणि कन्नड घाट

चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना एक वळण लागतं. तिथं मालाची गाडी कलंडली की खाली चहाच्या टपरीवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "भो, तठे काहीतरी शे." आहेच. शाळेत त्याला गुरुत्वमध्य म्हणतात, म्हणजे गाडीचं सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात तो बिंदू. पण भुताला नारळ फोडता येतो, गुरुत्वमध्याला फोडता येत नाही, म्हणून तो कुणाला सुचत नाही.

विषय निघाला माझ्या भाच्यामुळे. हा दिवसभर टोयोटा ८६ चे व्हिडिओ बघतो. ही गाडी आपल्याकडे विकायला आलीच नाही, तरी त्याला तिची सगळी कुंडली पाठ. "मामा, दोनच लिटरचं इंजिन, दोनशे हॉर्सपॉवर. एवढ्यात काय एवढं? लोक जीव का टाकतात हिच्यावर?"

टोयोटाला स्वस्त, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार हवी होती. २००५ मध्ये टोयोटाने फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये, म्हणजे सुबारूच्या कंपनीत, हिस्सा घेतला होता. सुबारूकडे बॉक्सर, म्हणजे आडव्या पिस्टनचं, इंजिन होतं, पण त्यांचं नाव चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांसाठी, त्यामुळे त्यांचे इंजिनिअर आधी फारसे राजी नव्हते. शेवटी जमलं. इंजिन सुबारूचं, त्यात इंधन फवारण्याची पद्धत टोयोटाची, बांधणी सुबारूच्या गुन्मा इथल्या कारखान्यात. २०१२ मध्ये एकच गाडी वेगवेगळ्या नावांनी आली: टोयोटा ८६, सुबारू बीआरझेड आणि अमेरिकेत सायन एफआर-एस. तिथे तेव्हा किंमत २५ हजार डॉलरच्या आसपास.

आता माझ्या आवडीची गोष्ट. नेहमीच्या इंजिनात पिस्टन उभे, एका रांगेत. बॉक्सरमध्ये ते दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले. समोरासमोरची जोडी एकदम बाहेर जाते, एकदम आत येते. त्यामुळे एकाचा हिसका दुसरा खातो. पण खरी कमाई वेगळीच. झोपलेलं इंजिन खूप खाली बसवता येतं. या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४६ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे गुडघ्याच्या आसपास.

त्याने काय होतं? वळणावर आतल्या चाकांवरचं ओझं बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती? गाडीचं वजन गुणिले वळणाचा जोर गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर. गाडी १२४० किलोची, अंतर १.५३ मीटर आणि जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरा. ४६ सेंटिमीटरला सुमारे १८५ किलो सरकतात. तीच गाडी ६५ सेंटिमीटर उंचीची असती तर २६० च्या वर.

"सरकले तर सरकू दे, एकूण ओझं तेवढंच ना," भाचा म्हणाला. इथेच शाळेचं सूत्र फसवतं. दाब दुप्पट झाला की घर्षण दुप्पट, हे लाकडाच्या ठोकळ्याला चालतं. रबराचा घर्षणांक, म्हणजे ओझ्याच्या किती पट पकड मिळते ते, ओझं वाढलं की हळूहळू उतरतो. उदाहरणापुरते आकडे घ्या: ३०० किलोवरचा टायर ३०० किलोची आडवी पकड देतो, ५०० वरचा ४६० ची, १०० वरचा १०५ ची. दोन्ही टायर ३०० वर असले तर पकड ६०० किलो. ओझं ५०० आणि १०० असं वाटलं गेलं की ५६५. ओझं तेवढंच, ३५ किलो पकड मात्र गायब. गुरुत्वमध्य खाली आणणं म्हणजे न विकत घेतलेली पकड.

आणि गंमत बघा, एवढं करून या लोकांनी टायर लावले २१५ मिलिमीटर रुंदीचे, टोयोटाच्याच साध्या, इंधन वाचवणाऱ्या काही प्रियस गाड्यांना असतात तसेच! मुद्दाम. रुंद, चिकट टायरवर गाडी खूप वेगात आणि एकदम सुटते. इथे ती कमी वेगात, सांगून-सवरून घसरते, आणि साधा माणूसही तिला सावरायला शिकतो. लोक जीव टाकतात तो यावर. इंजिनाबद्दल कुरकुर होती, मधल्या वेगात ते ढेपाळतं म्हणून. २०२१ च्या पिढीत ते २.४ लिटरचं केलं.

आता आपल्या घाटात या. जिनिंगला निघालेली कापसाची ट्रॉली, वरपर्यंत फुगलेली. गुरुत्वमध्य दीड मीटरवर आणि चाकांमधलं अंतरही दीड मीटर धरलं, तर तोच निम्मा जोर तिला उलटवायला पुरतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा जोर येतो ताशी ४४ किलोमीटरला. जपानी गाडीला उलटायला गुरुत्वाकर्षणाच्या १.६ पटीहून जास्त जोर लागेल आणि तिचे टायर एका पटीच्या आसपासच हात टेकतात. म्हणून सपाट रस्त्यावर ती घसरते, उलटत नाही.

भाच्याने स्वतःच्या गाडीला रुंद टायर लावायचा बेत सोडला, टपावरचं कॅरिअरही काढलं. लिंबू-मिरची मात्र त्याच्या आईच्या आग्रहाखातर आहे. मी ती आरशावरून काढून बंपरला खाली बांधायला लावली.