फॉस्फोफिलाइट: तिजोरीतले खनिज आणि फॉस्फेटिंगची टाकी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या रंगकामाच्या युनिटमध्ये फॉस्फेटिंगच्या, म्हणजे रंगाआधी लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याच्या, टाकीतून जॉब (कामाची वस्तू) वर काढला की पत्र्यावर राखाडी, बिनचमकीचा थर दिसतो. हा थर म्हणजे खनिजांच्या बारीक स्फटिकांची दाट वीण. त्यात मुख्यतः दोन खनिजे असतात: होपाइट आणि फॉस्फोफिलाइट. दोन्ही जस्ताची पाणीधारी फॉस्फेटे, आणि निसर्गात दोन्ही विरळा. त्यातही फॉस्फोफिलाइटचे मोठे, स्वच्छ स्फटिक संग्राहक तिजोरीत जपून ठेवतात. वरचा रंग किती वर्षे धरेल, हे या दोघांच्या प्रमाणावर बरेच अवलंबून असते. म्हणून रंगकाम करणाऱ्यानेही यांची ओळख कशी पटत गेली हे जाणून घ्यावे.

आधी सापडले होपाइट. आजच्या बेल्जियममध्ये, जर्मन सीमेजवळ केल्मिस येथे जस्ताची जुनी खाण होती. तिथल्या नमुन्यावरून डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1820 च्या दशकात या खनिजाचे वर्णन केले आणि एडिंबरोचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस चार्ल्स होप यांचे नाव त्याला दिले. जस्ताचे तीन अणू, फॉस्फेटचे दोन गट आणि पाण्याचे चार रेणू, ही त्याची घडण. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आजच्या झांबियातील काब्वे, म्हणजे तेव्हाच्या ब्रोकन हिल येथील नमुने ब्रिटिश म्युझियमच्या लिओनार्ड स्पेन्सर यांनी अभ्यासले. तिथल्या गुहेत प्राण्यांच्या हाडांवर जस्ताची फॉस्फेटे चढली होती: जस्त खडकातले, फॉस्फेट हाडांतले. ही खनिजे विरळा का, हे या एका जागेवरून कळते. जस्ताचा साठा, फॉस्फेटचा पुरवठा आणि त्यांना एकत्र आणणारे थंड, किंचित आम्ल पाणी या तीन गोष्टी एका ठिकाणी क्वचितच जुळतात. रासायनिक सूत्र तेच पण स्फटिकाची रचना वेगळी, असे पॅराहोपाइटही स्पेन्सर यांनी इथल्याच नमुन्यांतून वेगळे काढले.

फॉस्फोफिलाइटची नोंद 1920 ची, लाउबमान आणि श्टाइनमेट्स यांची. जागा बव्हेरियातील हागेनडोर्फची पेग्मटाइटची (भरड स्फटिकांच्या अग्निज खडकाची) खाण. तिथे लोह-लिथियमचे फॉस्फेट आणि जस्ताचे सल्फाइड शेजारी होते. ती झिजून, पाण्यात विरघळून जे नवे खनिज जमले त्यात जस्ताबरोबर लोहही होते: जस्ताचे दोन अणू, लोहाचा एक, फॉस्फेटचे दोन गट, पाण्याचे चार रेणू. पुढे बोलिव्हियातील पोतोसीच्या सेरो रिको डोंगरातून निळसर-हिरवे, पारदर्शक स्फटिक निघाले आणि रत्नांच्या जगात त्याचे नाव झाले. रत्न म्हणून मात्र ते अवघडच. कठीणपणा मोह्‌स मापावर 3 ते 3.5, एका दिशेने अगदी सहज फुटण्याची खोड, शिवाय ठिसूळ. पैलू पाडताना चाकाचा दाब जरा वाढला की पापुद्रा सुटतो. घनता सुमारे 3.1 आणि वक्रीभवनांक 1.59 ते 1.62 च्या दरम्यान.

वर्गीकरणात ही दोन्ही आज शेजारी बसतात. जेम्स ड्वाइट डेना यांच्या 1837 च्या पहिल्या मांडणीत भर बाह्य गुणांवर होता. नंतर त्यांनी स्वतःच रासायनिक पाया स्वीकारला. ह्यूगो श्ट्रुंट्स यांनी 1941 मध्ये रसायनाला स्फटिकरचनेची जोड दिली. त्यांच्या पद्धतीच्या आजच्या आवृत्तीत आठवा वर्ग फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनाडेट यांचा. त्यातला 'सी' विभाग पाणी असलेल्या पण जादा ऋण आयन नसलेल्या खनिजांचा, आणि त्यातही लहान-मध्यम आकाराच्या धातूंच्या गटात होपाइट व फॉस्फोफिलाइट येतात. स्फटिकाच्या सममितीने मात्र तिघे वेगळे: होपाइट ऑर्थोऱ्हॉम्बिक, फॉस्फोफिलाइट मोनोक्लिनिक, पॅराहोपाइट ट्रायक्लिनिक.

खरी मेख आतल्या रचनेत आहे. होपाइटमध्ये जस्ताच्या दोन प्रकारच्या जागा असतात. एका जागी जस्ताभोवती चार ऑक्सिजन. हे गट फॉस्फेटशी जोडून थर तयार करतात. दुसऱ्या जागी जस्ताभोवती सहा जण: दोन ऑक्सिजन आणि पाण्याचे चार रेणू. हे गट थरांना एकमेकांशी बांधतात. फॉस्फोफिलाइटमध्ये या दुसऱ्या, बांधणाऱ्या जागी लोह बसते. एवढ्या एका बदलाने ते अल्कलीला जास्त टिकते. रंगाला ओरखडा पडून ओल आत गेली की रंगाखाली ऑक्सिजन आणि पाण्याच्या क्रियेतून अल्कली तयार होते. होपाइट त्यात लवकर विरघळते, रंगाचा पाया सुटतो आणि ओरखड्याच्या कडेने फोड सरकत जातो. फॉस्फोफिलाइट जास्त असेल तर हे सरकणे मंदावते.

लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याची युक्ती मात्र खनिजशास्त्राची वाट बघत थांबली नव्हती. 1869 मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम रॉस यांनी त्याचे पेटंट घेतले. 1906 मध्ये बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेट यांनी फॉस्फोरिक आम्ल आणि लोखंडाचा कीस वापरून व्यवहारात चालणारी कृती दिली. पुढे त्यात जस्त आले. हेच काम करणारी पार्कर यांची कंपनी 1915 मध्ये अमेरिकेत निघाली. सुरुवातीला एका जॉबला तासन्‌तास लागत. तांब्याचे क्षार, मग नायट्रेट-नायट्राइट असे ॲक्सिलरेटर (क्रियेला वेग देणारी रसायने) आल्यावर वेळ मिनिटांवर आली. 1940 च्या दशकात जर्नस्टेट यांनी फॉस्फेटिंगच्या आधीची, स्फटिकांना बीज देणारी टायटॅनियम फॉस्फेटची ॲक्टिव्हेशन टाकी आणली, तेव्हा स्फटिक बारीक आणि सलग येऊ लागले.

आपल्याकडे 'सेव्हन टँक' म्हणतात ती पद्धत याच वाटेने आली: डीग्रीसिंग (तेल काढणे), पाणी, डीरस्टिंग (आम्लाने गंज काढणे), पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन (थर पक्का करणे). ॲक्टिव्हेशनची टाकी पुष्कळ जण गाळतात, आणि ही काटकसर महागात पडते. स्फटिकांना बीज मिळत नाही, ते भरड आणि विरळ वाढतात. टाकी ठेवली तरी बोअरचे जड पाणी वापरले तर कॅल्शियममुळे टायटॅनियमचे कलिल (पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण) गोळा होऊन तळाला बसते; तिथे क्षार काढलेले (डीएम) पाणीच हवे.

फॉस्फेटिंगच्या टाकीत घडते ते असे. मोकळे आम्ल पत्र्याचे लोखंड थोडे खाते, पृष्ठभागालगत आम्ल कमी होते, पीएच चढतो आणि तिथेच फॉस्फेट स्फटिकरूपाने बसते. विरघळलेले लोखंड तिथेच रेंगाळले तर ते स्फटिकात शिरून फॉस्फोफिलाइट होते. म्हणून डिप (बुडवण्याच्या) पद्धतीत ते जास्त मिळते आणि स्प्रेमध्ये कमी, कारण फवारा लोखंडाचे आयन धुऊन नेतो. जस्त लिटरला सुमारे 1 ग्रॅमच्या आसपास ठेवले तर फॉस्फोफिलाइट वाढते; 2 ते 4 ग्रॅम असेल तर होपाइटचा जोर. तपासणीत एक्स-रे डिफ्रॅक्शनवर फॉस्फोफिलाइटची सुमारे 8.9 आणि होपाइटची सुमारे 9.1 अँगस्ट्रॉमची रेषा मोजतात. दोन्हींच्या बेरजेत फॉस्फोफिलाइटचा वाटा किती, याला पी-गुणोत्तर म्हणतात.

रोजच्या कामाला ब्युरेट पुरते. टाकीचे 10 मिली द्रावण, 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोडा. मिथिल ऑरेंजवर जितके मिली लागतील तितके फ्री ॲसिडचे (मोकळ्या आम्लाचे) पॉइंट, फिनॉल्फ्थॅलिनवर टोटल ॲसिडचे (एकूण आम्लाचे). फ्री ॲसिड चढले तर आम्ल पत्रा खातच राहते आणि थर पातळ, पिवळट येतो. उतरले तर फॉस्फेट जॉबवर बसण्याऐवजी टाकीतच स्लज (गाळ) होते आणि जॉबवर हाताला लागणारी भुकटी येते. तापमान बेफाम वाढवल्यानेही हेच होते, कारण हे फॉस्फेट गरम द्रावणात आणखी कमी विरघळते. हीटरवर कवच चढते ते यामुळेच. नायट्राइट कमी पडले की जॉब गंजतो, जास्त झाले की लोखंडाचे फॉस्फेट होऊन स्लज वाढते. नायट्राइटचा डबा डीरस्टिंगच्या आम्लाजवळ कधीही ठेवू नये. दोन्ही मिसळले की विषारी तपकिरी धूर निघतो. टाकीतले स्लज घातक कचऱ्याच्या यादीत आहे. ते नाल्यात सोडणे बेकायदा, आणि फॉस्फेट पंचगंगेत गेले की जलपर्णीला खत मिळते.

कोल्हापुरी फाउंड्रीच्या कास्टिंगची अडचण वेगळी. बिडात ग्राफाइट असते आणि आम्लात ते विरघळत नाही. डीरस्टिंगमध्ये जास्त वेळ ठेवले तर लोखंड जाते, ग्राफाइटची काजळी तेवढी वर उरते आणि फॉस्फेट धरत नाही. अशा जॉबला शॉट ब्लास्टिंग करून आम्लाचा वेळ कमीत कमी ठेवावा. पावसाळ्यात शेवटच्या पाण्यानंतर जॉब हवेत रेंगाळू न देता लगेच ओव्हनमध्ये घ्यावा.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या (जीआय) पत्र्यावर तर विरघळायला लोखंडच नसते, त्यामुळे तिथे फॉस्फोफिलाइट तयार होत नाही, नुसते होपाइट होते. अशा जॉबसाठी द्रावणात मँगनीज आणि निकेल घालतात. हे धातू होपाइटच्या त्याच बांधणाऱ्या जागी काही प्रमाणात शिरतात आणि लोहाचे काम करतात. जस्त, मँगनीज आणि निकेल असलेले 'ट्रायकॅटायन' रसायन यातूनच आले. एका लाइनवर काळा (जस्त न चढवलेला) पत्रा आणि जीआय दोन्ही चालत असतील, तर हेच घ्यावे.