मिरर की एंटरप्राइझ? आधी पार्किंग मोजा

"दाजी, ती लाल शिडाची एंटरप्राइझ घ्यायची ठरवलीय!" रविवारी सकाळी मेहुण्याचा फोन. मी म्हटलं, लाल शिडाची ती मिरर. एंटरप्राइझचं शीड निळं.

त्याचीही फारशी चूक नाही. दोन्ही डिंग्या, म्हणजे छोट्या शिडाच्या होड्या, मुळात प्लायवूडच्या, दोन्हींना दोन-दोन शिडं, दोन्हींच्या आराखड्यावर इंग्लंडच्या जॅक होल्टचं नाव आणि दोन्हींच्या मागे चक्क वर्तमानपत्रं. एंटरप्राइझ १९५६ साली न्यूज क्रॉनिकलने पुढे आणली, मिरर साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेली मिररने. मिररमध्ये होल्टच्या जोडीला बॅरी बकनेल होता. हा टीव्हीवर लोकांना घरगुती सुतारकाम शिकवायचा, त्यामुळे मिरर घरच्या गॅरेजात जोडता येईल अशीच झाली.

आकडे बघा. मिरर ३.३ मीटर, पावणेअकरा फूट. एंटरप्राइझ ४.०४ मीटर, सव्वातेरा फूट. अडीच फुटांचाच फरक, पण मिररचा नुसता सांगाडा ४५ किलोच्या आसपास आणि एंटरप्राइझचा त्याच्या दुप्पट. मिरर दोघांनी धरून उचलता येते. एंटरप्राइझला चाकाची ट्रॉली हवी, नाहीतर काठावर चार माणसं गोळा करा. मूळ मिररची डोलकाठी आखूड असते आणि मोठ्या शिडाचा वरचा भाग दुसऱ्या काठीवर चढतो, त्यामुळे सगळं सामान होडीच्या लांबीत मावतं. एंटरप्राइझची काठी होडीपेक्षा कितीतरी लांब. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जाताना यवतेश्वर घाटाच्या वळणांवर ती पिकअपमधून मागे लोंबत असेल, तेव्हा मागच्या गाडीवाल्याचे शब्द ऐकायला मी तरी बरोबर येणार नाही.

खरा फरक मात्र पोटाखाली आहे. वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून एक पातं पाण्यात सोडतात. मिररचं पातं म्हणजे खाचेतून सरळ खाली ढकललेली फळी. एंटरप्राइझचं पातं खिळ्यावर फिरतं, कशाला लागलं की आपोआप मागे वर उचललं जातं. समुद्रात याचं फार काही वाटायचं नाही. आपल्याकडे वाटतं. कोयनेचा शिवसागर पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो. डिसेंबरात जिथून मजेत गेलात, तिथे मार्चमध्ये बुडालेल्या शेताचा बांध नाहीतर झाडाचा बुंधा हातभर खाली उभा असतो. कण्हेर धरणातही तेच. मिररची फळी अशा ठिकाणी अडली की होडी गचकन थांबते, पुढे बसलेलं पोर डोलकाठीवर आपटतं आणि खाचेच्या मागच्या कडेला दणका बसतो. म्हणून काठ जवळ आला की फळी अर्धी वर ओढून ठेवायची सवयच लावावी लागते.

एवढं ऐकून मेहुणा म्हणाला, मग एंटरप्राइझच की! थांब. तिची शिडं मिळून साडेदहा चौरस मीटर, मिररची साडेसहा. एंटरप्राइझ पळते झकास, पण अंगाने चंचल आहे. डोंगरातल्या घळीतून वाऱ्याचा झोत अचानक उतरला की नवख्या माणसाला शीड सैल सोडायचं सुचेपर्यंत ती आडवी. बरोबर सात-आठ वर्षांची दोन मुलं असतील तर मी मिररच्या बाजूचा. मोठी दोन आणि लहान दोन एकदम बसवायची म्हटलं, तर मात्र मिररमध्ये सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. पाळ्या लावा.

पैशाचं बोलायचं तर मिररचं किट सुरुवातीला ६३ पौंड ११ शिलिंगला मिळायचं. आता तो भाव आठवून उपयोग नाही, पण पद्धत आजही कामाची आहे. प्लायच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचायच्या आणि सांध्यावर फायबरची पट्टी रेझिनने बसवायची. किचन ट्रॉल्या करणाऱ्या सुताराला '७१० चा मरीन प्लाय' म्हटलं की कळतं; ७१० हा पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचा क्रमांक. शिक्क्यावर विसंबू नका, कापलेली कड बघा. मधल्या थरात काळी पोकळी दिसली तर तो तुकडा कपाटाला वापरा. सुतार शिडं शिवत नाही, ती बाहेरूनच आणावी लागतात. एंटरप्राइझची शर्यत १९८२ च्या एशियाडमध्येही होती आणि आपल्याकडच्या क्लबांत ती बरीच चालली, तेव्हा जुनी मिळायची शक्यता तिचीच जास्त. जुनी घेताना पातं ज्यात बसतं त्या पेटीच्या बुडाशी नख रुतवून बघा. लाकूड मऊ लागलं तर स्वस्तातली होडी महागात जाते. लाइफ जॅकेट माणशी एक, मुलांची मुलांच्या मापाची. त्यात काटकसर नको.

धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, कोयनेच्या बाजूला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पही आहे. परवानगीची चौकशी पैसे मोजायच्या आधी.

मेहुण्याने काल पार्किंग मोजलं. अकरा फूट दोन इंच, तेही स्कूटर बाहेर काढली तर. पाण्यात फुगतो का ते बघायला प्लायचा एक तुकडा आठ दिवसांपासून त्याच्या बाथरूममधल्या बादलीत बुडवलेला आहे आणि वहिनी रोज विचारतात, बादली कधी मोकळी होणार?