बुडापेस्ट : एक शहर, पाच रात्री
कमी खर्चात युरोप पाहू इच्छिणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्या सांगलीच्या कार्यालयात येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "युरोप कमीत कमी कितीत होईल?" आणि लगेच पुढे, "तेवढ्यात देश किती होतील?" खरं सांगायचं तर हा दुसरा प्रश्नच पहिल्याचं उत्तर महाग करतो. दहा दिवसांत सहा देश करायचे म्हटले की रोज पहाटे बॅगा बांधायच्या, दिवसाचे पाच-सहा तास बसमध्ये काढायचे आणि खाली उतरून फोटो काढला की पुन्हा चढायचं. त्यात पैसा जातो तो प्रवासावर, पाहण्यावर नाही. म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्यांना आम्ही मनापासून एकच सुचवतो : एक शहर घ्या आणि पाच रात्री तिथेच राहा. आमची पहिली पसंती हंगेरीची राजधानी बुडापेस्ट.

पॅरिस किंवा लंडनच्या मानाने इथे राहणं-खाणं स्वस्त पडतं. पण त्याहून मोठं कारण असं की या शहरातलं सर्वांत देखणं ते उघड्यावर आहे. मधून डॅन्यूब वाहते. पश्चिमेला डोंगरावरचं बुडा, पूर्वेला सपाटीवरचं पेस्ट. ही दोन गावं आणि ओबुडा मिळून १८७३ मध्ये एक शहर झालं. नदीचे दोन्ही काठ आणि बुडाचा किल्ला १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि ते पाहायला तिकीट लागत नाही. (हंगेरियनमध्ये 'एस'चा उच्चार 'श' होतो, म्हणून तिथले लोक गावाला 'बुदापेश्त' म्हणतात.)

कधी जावं

मार्चचा शेवट ते एप्रिल, किंवा ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. मे महिन्याच्या सुट्टीचाच आग्रह असेल तर तिकीट फार आधी काढावं लागतं, कारण त्या वेळी आपल्याकडची सगळीच मंडळी निघालेली असतात. काही दिवस मात्र टाळाच. २० ऑगस्टला हंगेरीचा राष्ट्रीय सण असतो, नदीवर आतषबाजी होते आणि हॉटेलचे दर चढतात. उन्हाळ्यात सिगेत संगीत महोत्सव आणि फॉर्म्युला वनची शर्यत यांच्या आठवड्यांतही तेच. नाताळचा बाजार सुंदर असतो, पण स्वस्त नसतो.

आपल्याकडून एक थांबा घेऊन जावं लागतं, दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे. हाती आठ-नऊ दिवस असतील तर परतीचं विमान व्हिएन्नाहून घेण्याचा पर्याय आम्ही तपासून देतो. बुडापेस्टहून व्हिएन्ना रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत येतं.

व्हिसा

हंगेरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो; आमचा सल्ला दोन-अडीच महिन्यांचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर सहसा तेच चालतात, म्हणून जुना व्हिसा असेल तर आठवणीने सांगा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. अर्जाच्या आठवड्यात मुलाच्या किंवा भावाच्या खात्यातून मोठी रक्कम आणून आपल्या खात्यात टाकू नका. बँकेचा उतारा बघणाऱ्याला ती लगेच दिसते आणि शंका येते. तुमची नेहमीची शिल्लक, आयकर विवरणपत्रं आणि रजेचं पत्र नीट असेल तर तेच सर्वांत भक्कम. आणि व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारं विमान तिकीट काढू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी.

तिथे उतरल्यावर सीमेवर आता फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. ही नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेत वेळ जातो. पुढचं काहीही घाईने ठरवू नका.

राहायचं कुठे

इथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील असं आमचं मत आहे. गावाबाहेरचं हॉटेल रात्रीमागे थोडं स्वस्त दिसतं, पण पाच दिवसांचा जाण्यायेण्याचा वेळ आणि थकवा धरला तर ते महागच. पेस्टच्या बाजूला, 'नाज्यकोरुत' या मोठ्या वळणरस्त्याच्या आसपास राहा. त्यावरून ४ आणि ६ नंबरच्या ट्राम धावतात, आणि ६ नंबर रात्रभर असते. ब्लाहा लुयझा चौक किंवा काल्विन चौक ही नावं लक्षात ठेवा. सातव्या विभागात पडक्या वाड्यांमधून थाटलेले प्रसिद्ध बार आहेत. तरुण मंडळींना तिथे मजा येते, पण आई-वडील बरोबर असतील तर त्या गल्ल्यांमधली खोली घेऊ नका, पहाटेपर्यंत आवाज असतो. स्वयंपाकघर असलेली सदनिका मिळाली तर चौघांच्या कुटुंबाचा सकाळचा चहा-नाश्ता घरच्यासारखा होतो.

ट्राम, मेट्रो आणि एक छोटा शिक्का

विमानतळावरून '१००ई' ही बस थेट शहराच्या मध्यात, देआक चौकात नेते. तिला वेगळं तिकीट लागतं, नेहमीचा पास चालत नाही. सामान कमी असेल तर '२००ई' बस आणि पुढे मेट्रो असा आणखी स्वस्त मार्ग आहे. पोहोचल्यावर ७२ तासांचा पास घ्या. मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात येतं.

सुटं कागदी तिकीट घेतलंत तर ते मेट्रोत शिरताना यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिकीट खिशात होतं, शिक्का नव्हता. तपासनिसाने शांतपणे पावती फाडली आणि त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे तिथेच गेले. चूक माझीच होती, पण तेव्हापासून आमच्या प्रत्येक ग्राहकाला मी हे पासपोर्ट देतानाच सांगतो. ज्येष्ठांसाठी आणखी एक : ६५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास असं कुठेतरी वाचाल, पण ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. आपल्याला पास घ्यावाच लागतो.

पिवळी मेट्रो, म्हणजे लाइन १, नुसती बसण्यासाठीसुद्धा घ्या. १८९६ मध्ये, हंगेरियन लोक या भूमीत आल्याला हजार वर्षं झाली म्हणून जो मोठा सोहळा झाला, त्या वेळी ती सुरू झाली. लंडननंतर इतकी जुनी भुयारी रेल्वे युरोपच्या मुख्य भूमीवर दुसरी नाही. आंद्राशी रस्त्यावरून जेमतेम एक जिना उतरलात की फलाट. पांढऱ्या फरशा, हिरवे लोखंडी खांब, लाकडी चौकटी आणि खेळण्यासारखे बुटके पिवळे डबे. दार लागतं, घंटी वाजते आणि गाडी सुटते. शेवटून दुसरं स्टेशन सेचेनी स्नानगृहाचं, त्याआधीचं हिरोंच्या चौकाचं.

काय पाहायचं, कशावर खर्च करायचा

२ नंबरची ट्राम पेस्टच्या काठाने जाते. संसद, साखळी पूल, एलिझाबेथ पूल, मोठी मंडई हे सगळं खिडकीतून दिसतं. पर्यटकांच्या बोटीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात तीन दिवसांचं फिरणं होतं. साखळी पूल १८४९ चा, दोन गावांना जोडणारा पहिला कायमचा पूल. सेचेनी नावाच्या सरदाराला वडिलांच्या अंत्यविधीला जाताना नदीमुळे आठवडाभर अडकून पडावं लागलं आणि त्यातून त्याने पुलाचा ध्यास घेतला, असं सांगतात. कृष्णेच्या पुराने ज्यांची वाट अडवली आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला. बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. पायी पार करा, संध्याकाळी.

किल्ल्यावर जायला केबलची जुनी रेल्वे आहे, पण तिचं भाडं जास्त आणि पास चालत नाही. देआक चौकातून १६ नंबरची बस पासवर वर सोडते. वर 'कोळ्यांचा बुरूज' आहे. त्याच्या वरच्या सज्जाला हंगामात तिकीट असतं, खालचे सज्जे मोकळे आहेत आणि नदीचं दृश्य तेच दिसतं. हा किल्ला १५४१ पासून १६८६ पर्यंत तुर्कांकडे होता. ज्या वर्षी औरंगजेबाने विजापूर घेतलं, त्याच वर्षी युरोपच्या फौजांनी बुडा परत घेतलं. तिथे उभं राहून हे आठवलं की इतिहासाचे दोन धडे एकदम शेजारी येऊन बसतात.

पैसे खर्च करायचेच तर संसदेवर करा. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, युरोपीय संघाबाहेरच्यांना दर जास्त आहे, आणि तिकिटं आधी संपतात, म्हणून ती आम्ही इथूनच काढून देतो. घुमट ९६ मीटर उंच. सेंट स्टीफनच्या मोठ्या चर्चचीही उंची तेवढीच, कारण हंगेरियन लोकांच्या आगमनाचं साल ८९६ मानतात. घुमटाखाली हंगेरीचा पवित्र मुकुट ठेवलेला आहे, त्याचा वरचा क्रॉस वाकडा झालेला दिसेल.

बाहेर, संसदेजवळच्या काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड मांडले आहेत. १९४४-४५ मध्ये इथे ज्यूंना बूट काढायला लावून नदीकाठी गोळ्या घातल्या गेल्या, त्याचं हे स्मारक, २००५ पासूनचं. त्यात लहान मुलांचे बूटही आहेत. लोक त्यात फुलं ठेवतात. कृपया तिथे हसून फोटो काढू नका.

आणि एक आपलं नातं : चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म याच शहरातला, ३० जानेवारी १९१३ चा. आई हंगेरियन होती. तिथल्या भारतीय सांस्कृतिक केंद्राला त्यांचंच नाव आहे.

सेचेनी स्नानगृहाची पिवळी इमारतही १९१३ चीच. गरम झऱ्यांच्या पाण्याचे उघडे तलाव, थंडीत वर वाफ आणि कडेला बुद्धिबळ खेळणारे आजोबा. सोमवार ते गुरुवार तिकीट थोडं कमी पडतं. पोहण्याचा पोशाख लागतोच. सलवार-कमीज किंवा सुती टी-शर्टवर पाण्यात उतरू देत नाहीत. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची. टॉवेल आणि सपाता इथूनच न्या, तिथे त्याचेच पैसे जातात. लहान मुलं असतील तर वयाचा नियम आधी आम्हाला विचारा. तुर्की घुमटाखालचं जुनं स्नान हवं असेल तर रुदाश. तिथे बायकांचा आणि पुरुषांचा वार वेगळा असतो. गेलेर्ट हे स्नानगृह दुरुस्तीसाठी बंद आहे.

जेवण

शाकाहारींची काळजी आम्हाला असते म्हणून मोकळेपणाने लिहितो. गुयाश म्हणजे गोमांसाचं कालवण. राजम्यासारख्या बियांच्या सूपमध्ये, 'बाबलेवेश'मध्ये, बहुतेकदा डुकराचं मांस असतं. काही ठिकाणी तळण चरबीत होतं, तेव्हा विचारूनच घ्या. "नेम एसेम हूश्त", म्हणजे मी मांस खात नाही, हे कागदावर लिहून ठेवा.

खाण्याजोगंही भरपूर आहे. 'फोझेलेक' म्हणजे पालक, वाटाणा, दुधी अशी दाटसर पातळ भाजी. वर मांस नको म्हणून सांगा. 'लेचो' ही टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची भाजी, सॉसेज न घातलेली मागा. मंडईत वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो : भटुऱ्याएवढा तळलेला पाव, त्यावर लसणाचं पाणी चोळतात, मग आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघांना पुरतो. त्या भागात जरा पर्यटकी दर असतात, पण गरम लांगोश हातात घेऊन खालच्या मजल्यावर लटकलेल्या पाप्रिकेच्या माळा बघत फिरायचं सुख वेगळंच. पाप्रिका घ्यायची तर 'एदेश' म्हणजे गोड, 'चिपोश' म्हणजे तिखट. रंग आपल्या ब्याडगीसारखा, पण 'चिपोश'सुद्धा आपल्याला फारशी झोंबत नाही. मंडई रविवारी बंद असते, आणि संग्रहालयं बहुतेक सोमवारी.

इथून नेताना तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. चिवडा, भाजणी, मेतकूट खुशाल न्या.

पैसे

चलन फोरिंट, युरो नव्हे. दुकानात युरो घेतात पण दर वाईट देतात. बँकेच्या इमारतीतल्याच एटीएममधून काढा. कार्ड ओढल्यावर यंत्र "रुपयांत की फोरिंटमध्ये?" विचारतं, तेव्हा नेहमी फोरिंट. रुपये निवडलेत की दर यंत्रवाला ठरवतो. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं का ते बघा, असेल तर वेगळी बक्षिसी द्यायची गरज नाही.

आमच्याकडून पूर्ण सहल घेतलीत तर कायद्याने आम्हाला टीसीएस, म्हणजे सहलीच्या रकमेवर तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा कर, गोळा करावा लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवा.

शेवटच्या संध्याकाळी मेट्रोने नदीपलीकडे बाट्यानी चौकात जा. समोर संसद. अंधार पडताना आधी कमानी, मग बुरूज, शेवटी घुमट उजळतो आणि सगळं पाण्यात उतरतं. आमचे बरेच ग्राहक तिथे तासभर नुसते बसून येतात.

भेटायला येताना सगळ्यांचे पासपोर्ट आणा, जुने रद्द झालेलेही. कार्यालय सकाळी दहा ते संध्याकाळी सात, रविवारी बंद.