सर्व्हरवरील ईमेल-नियम अपेक्षेप्रमाणे चालत नसतील तर काय तपासावे

(आमच्या नागपूर व परिसरातील मेल-सेवा ग्राहकांसाठी)

वेबमेलच्या 'फिल्टर' पानावर आपण जे नियम लावता, ते आपल्या संगणकावर नव्हे तर आमच्या सर्व्हरवर, 'सिव्ह' या नियमभाषेत साठवले जातात आणि मेल पेटीत पडण्याच्या क्षणी एकदाच लागू होतात. त्यामुळे कार्यालय बंद असतानाही ते चालतात, मात्र आज केलेल्या नियमाने आधी आलेली मेल हलत नाही. ती हातानेच हलवावी लागते.

मेल दिसत नाही म्हणजे ती हरवली, असे कृपया लगेच समजू नये. नियम चालताना चूक आढळली तर सर्व्हर मेल इनबॉक्समध्येच ठेवतो, आणि बहुतेक तक्रारींमध्ये ती दुसऱ्याच फोल्डरमध्ये सुखरूप असते. याचे कारण नियमांचा क्रम. समजा, इतवारीतील एखाद्या धान्य व्यापाऱ्याचा पहिला नियम असा आहे की विषयात 'बिल' असेल तर मेल 'हिशेब' फोल्डरमध्ये टाकून तिथेच थांबावे, आणि दुसरा नियम असा की कळमन्याच्या अडत्याची मेल 'कळमना' फोल्डरमध्ये टाकावी. अडत्याने बिल पाठवले की ते 'हिशेब'मध्ये जाते, दुसऱ्या नियमापर्यंत पोहोचतच नाही, आणि व्यापारी ते 'कळमना'मध्ये शोधत राहतो. 'थांबा' काढून टाकल्यास दोन्ही फोल्डरमध्ये एकेक प्रत पडते. म्हणून विशिष्ट पत्त्याचे नियम वर आणि विषयातील शब्दांवरचे नियम खाली ठेवावेत, हे आम्ही आग्रहाने सांगतो. शिवाय 'समाविष्ट आहे' ही अट अक्षरांचा क्रम पाहते, अर्थ पाहत नाही. 'बिलासपूरचा माल निघाला' या विषयातही तिला 'बिल' सापडते, आणि रोमन लिपीतले बिल मात्र तिच्या नजरेतून सुटते.

नियम मुळीच चालत नसेल, तर वेबमेलखेरीज दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधूनही नियम केले आहेत का, ते आठवून पाहावे. एका खात्यावर एका वेळी एकच स्क्रिप्ट (म्हणजे नियमांचा एक संच) सक्रिय राहते, त्यामुळे नवी सक्रिय होताच जुनी निष्क्रिय होते. फोल्डरचे नाव नंतर बदलले असल्यास नियमातही ते बदलावे.

मेल दुसऱ्या पत्त्यावर पुढे पाठवताना 'प्रत ठेवा' हा पर्याय अवश्य निवडावा, अन्यथा आपल्या पेटीत काहीच उरत नाही. पुढे पाठवलेली मेल समोरच्या सर्व्हरला मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने, पण आमच्या सर्व्हरवरून आलेली दिसते. एसपीएफ तपासणीत (म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोमेनने त्या सर्व्हरला मेल पाठवण्याची परवानगी दिली आहे का, या तपासणीत) ती नापास होऊन स्पॅममध्ये जाऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते.

रजेचे स्वयंउत्तर एकाच व्यक्तीला वारंवार जात नाही. सिव्हमध्ये हा अवधी वेगळा न दिल्यास सात दिवसांचा असतो, तेव्हा दुसऱ्या चाचणीला उत्तर आले नाही तर तो बिघाड नव्हे.

'नष्ट करा' ही क्रिया मात्र कृपया वापरू नये. तिने गेलेली मेल कचरापेटीत जात नाही, पाठवणाऱ्यालाही कळत नाही, आणि ती आम्हालाही परत आणता येत नाही. त्याऐवजी 'तपासणी' नावाचा फोल्डर करून नको असलेली मेल त्यात टाकावी आणि आठवड्यातून एकदा त्यावर नजर फिरवावी.

तक्रार नोंदवताना पाठवणाऱ्याचा पत्ता, मेल पाठवल्याची वेळ आणि नियमांच्या पूर्ण यादीचे चित्र पाठवावे. मेल सापडली असल्यास तिचे संपूर्ण हेडरही (मेलच्या प्रवासाची तांत्रिक माहिती असलेला वरचा भाग) जोडावे, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत ती कोणत्या नियमाने कुठे गेली हे आम्हाला शोधता येईल. पासवर्ड कृपया कळवू नये. या कामासाठी तो लागत नाही.